दिसत नसताना प्रूफरीडिंग: अर्जापासून पहिल्या पुस्तकापर्यंत

मी तपासलेलं पहिलं मराठी पुस्तक मागच्या महिन्यात एकदाचं पूर्ण झालं आणि वाचकांसाठी चढलंही. मला दिसत नाही, त्यामुळे "तू प्रूफ तपासतेस म्हणजे नक्की काय करतेस गं?" असं ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, लोकलच्या दिव्यांग डब्यात सगळ्यांनी विचारून झालं. त्यातले दोघं-तिघं स्वतः दृष्टिहीन आहेत आणि त्यांनाही हे काम करायचंय, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते. लांबलंय, पण मला सुरुवातीला असं काहीतरी वाचायला मिळालं असतं तर बराच वेळ वाचला असता.

थोडं माझ्याबद्दल. राहायला विक्रोळीला कन्नमवार नगरात, नोकरी भायखळ्याला बँकेत. रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे नजर हळूहळू गेली, तिशीपर्यंत छापील पुस्तकं वाचत होते. हे मुद्दाम सांगतेय कारण देवनागरी अक्षरं दिसतात कशी ते मला आठवतं, आणि या कामात त्याचा फार उपयोग होतो. पुण्याची माझी मैत्रीण जन्मापासून दृष्टिहीन आहे, तिचं मराठी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं, पण भ आणि म यांत छापील पान वाचणारं मशीन का फसतं हे तिला समजावून सांगावं लागलं.

सुरुवात नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. २०१६ ला सुगम्य पुस्तकालय हे दृष्टिहीनांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाल्यापासून आपल्याला घरबसल्या पुस्तकं मिळायला लागली, आता तर इतरही ठिकाणांहून मिळतात, पण कुठलंही असो, स्कॅन करून ओसीआर केलेलं (म्हणजे पानाच्या फोटोतली अक्षरं मशीनने ओळखून मजकूर बनवलेलं) आणि नंतर नीट न तपासलेलं मराठी पुस्तक ऐकणं ही शिक्षा असते. "पलटण पुण्याला खाना झाली." आता रवाना झाली हे कळतं, जुन्या टायपात र आणि व जवळ आले की मशीनला ख दिसतो. "तो मोठा मला माणूस होता", म्हणजे भला. मध्येच पानाचा आकडा, मध्येच प्रकरणाचं नाव, कारण पानाच्या डोक्यावरची ओळ वाक्यात घुसलेली. एका संस्थेला वैतागून मेल केला की पुस्तकं तपासता का हो तुम्ही. उत्तर दोन दिवसांत आलं आणि सभ्य होतं: स्वयंसेवक कमी आहेत, आपण याल का? सोबत फॉर्म.

फॉर्म म्हणजे कागदाचा फोटो काढून बनवलेली पीडीएफ. स्क्रीन रीडरने, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, एकच शब्द उच्चारला, "ग्राफिक". दृष्टिहीनांसाठी पुस्तकं बनवणाऱ्या संस्थेचा फॉर्म दृष्टिहीन माणसाला भरता येत नाही याचं हसू आलं खरं, पण त्यांनी कधी आपल्यातला कोणी तपासायला येईल असं धरलंच नव्हतं, हे पुढे पावलोपावली कळत गेलं. मी वर्ड फाइल मागितली. ती यायला डिसेंबर उजाडला.

मग हमीपत्र. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(झेडबी) आलं, त्यामुळे अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक बदलायला लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. पुढे याच कामासाठी मराकेश हा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत, जून २०१४. पण ही सूट आपल्या दिव्यांग लोकांपुरतीच, त्यामुळे फाइल बाहेर जाणार नाही असं स्वयंसेवकाने लिहून द्यायचं, तेही स्टॅम्प पेपरवर नोटरी करून. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा स्टॅम्प गेला, आता पाचशेचा. नोटरीने वर दोनशे घेतले. पैशाचं काही नाही, पण तो मला बघून म्हणाला, "मॅडम, तुम्ही अंगठाच लावा." मी बँकेत रोज सह्या करते हो. मी त्यांना माझं सही करायचं कार्ड दाखवलं (पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, मध्ये सहीपुरती खिडकी कापलेली) आणि सही केली, तरी "साक्षीदार आणा" झालंच. खाली झेरॉक्सवाला होता, तो आला बिचारा. तुम्ही जाणार असाल तर साक्षीदार घरूनच घेऊन जा आणि त्याचं आधारही, म्हणजे परत फेरी नको. दिव्यांग प्रमाणपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, त्याची झेरॉक्स लागली, फोटो दोन.

कागद जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दिले. फेब्रुवारी अर्धा होईपर्यंत शांतता. मी दर सोमवारी एक फोन करायचे, गोड बोलून.

प्रशिक्षण झूमवर होतं. शिकवणाऱ्या बाई मनाने चांगल्या, पण सगळं "इथे क्लिक करा, डावीकडे मूळ पान दिसतंय बघा, उजवीकडे मजकूर" असं. हे काम जगभर साधारण याच पद्धतीने चालतं. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या फुकट ई-पुस्तकांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं तयार करणारं डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स २००० सालापासून असंच चालतंय: पानाचा फोटो आणि शेजारी ओसीआरचा मजकूर, एकाने तपासलं की पुढच्या फेरीत दुसरा तपासतो. विकिस्रोतावरही (विकिपीडियाचंच भावंड, जुन्या पुस्तकांचं) फोटो आणि मजकूर शेजारी-शेजारीच, पानाची स्थिती रंगाने कळते, तपासलं की पिवळं, दुसऱ्या माणसाने प्रमाणित केलं की हिरवं. म्हणजे अख्खी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे, डोळ्याने दोन्हीकडे बघून ताडून पाहणं. आणि नेमकं तेच आपल्याला जमत नाही. हे आधीच मान्य करून टाकलं तर पुढचं सोपं जातं, नाहीतर महिनाभर आपण स्क्रीन रीडरच्या सेटिंगशी भांडत बसतो.

संस्थेचं तपासणीचं वेब-टूल उघडलं तेव्हा लॉगिनला चित्रातली वाकडी अक्षरं ओळखा, ऐकायची सोय नाही. ते मुलीकडून करून घेतलं. आत गेल्यावर टूलबार: "बटण, बटण, बटण, बटण." एकालाही नाव नाही, त्यातलं एक जतन करायचं आणि त्याच्या शेजारचं पान टाकून द्यायचं. पानाची स्थिती रंगीत ठिपक्यांत, ती एनव्हीडीएला (माझा स्क्रीन रीडर) सापडेचना, ना आर दाबून (रेडिओ बटणं, म्हणजे अनेकांतून एक निवडायची बटणं शोधायची कळ) ना टॅबने, कारण ते ठिपके फक्त माउसला कळायचे. आणि काही वेळ हालचाल झाली नाही की आपोआप लॉगआउट, म्हणजे एक पान हळू ऐकून होईतो बाहेर, पुन्हा वाकडी अक्षरं, पुन्हा मुलीला हाक, ती बारावीला, तिचं तोंड वाकडं.

चाचणी मार्चमध्ये झाली. सगळ्यांना तीच पानं, त्यात मुद्दाम चुका ठेवलेल्या. निकालाबरोबर कुठल्या चुका सापडल्या आणि कुठल्या सुटल्या याची यादी आली आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणात सगळ्यात कामाचा कागद तोच. मला जे सापडलं होतं ते बऱ्याच डोळस लोकांना सापडलं नव्हतं. "दुःख" मध्ये विसर्गाऐवजी कोलन टाइप केलेला होता, डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण एनव्हीडीएमध्ये विरामचिन्हांची पातळी 'सर्व' केली की तो "कोलन" असं ओरडून सांगतो. "आणि आणि" असा दोनदा पडलेला शब्द, ओळीच्या शेवटी एकदा आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकदा. डोळा सरळ उडी मारून जातो, कान अडखळतो. ओळीशेवटी तुटलेले शब्द, "विचा- राने". एके ठिकाणी "ओ" हे अक्षर "अ"ला वरून काना-मात्रा जोडून बनवलेलं, दिसायला अगदी बरोबर, ऐकायला विचित्र.

आणि सुटलं काय? ऱ्हस्व-दीर्घ जवळजवळ सगळं. दिन आणि दीन, सुत आणि सूत, वेगात ऐकताना फरक कळत नाही, श आणि ष तर कळतच नाही. बाणाची कळ दाबून अक्षर-अक्षर गेलं तरी अक्षर मात्रेसकट जोडूनच येतं. दुसरं म्हणजे एका पानावरची एक अख्खी ओळ ओसीआरने गाळली होती आणि उरलेलं वाक्य व्यवस्थित जुळत होतं. हे कानाने सापडणं शक्यच नाही, कितीही हुशार कान असला तरी. मजकूर पटण्यासारखा आहे का एवढंच आपण सांगू शकतो, तो पुस्तकातल्यासारखा आहे का ते नाही.

संस्थेने कळवलं की "सध्या आपल्याला रेकॉर्डिंग ऐकून अभिप्राय देण्याचं काम देऊ." वाईट वाटलं. दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही. मग त्यांच्याच निकालाचा कागद पुढे ठेवून लांबलचक मेल लिहिला: जे मला सापडतं ते मला करू द्या, जे सापडत नाही त्यासाठी दुसरी सोय करू, मी सांगते कशी. आणि टूलच्या अडचणींचा वेगळा मेल, तो थेट टूल बनवणाऱ्याला. त्याबद्दल एक सल्ला देते. "तुमची साइट आम्हाला चालत नाही" असं लिहिलं की समोरच्याला कळत नाही करायचं काय. वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता यावी यासाठी डब्ल्यूसीएजी नावाचे नियम आहेत, त्यातला नंबर लिहा. नाव नसलेलं बटण ४.१.२, फक्त रंगाने सांगितलेली स्थिती १.४.१, कीबोर्डने न पोचता येणारी गोष्ट २.१.१, वेळ संपून बाहेर फेकणं २.२.१, पर्यायी मजकूर नसलेलं चित्र १.१.१. प्रत्येकाखाली मी कुठली कळ दाबली आणि काय ऐकू आलं ते दोन ओळींत. त्या मुलाचं तीन दिवसांत उत्तर आलं, की मॅडम बटणांना नावं द्यायला अर्धा तास लागेल, कोणी सांगितलंच नव्हतं. बटणं एप्रिलमध्ये बोलायला लागली, ठिपक्यांची रेडिओ बटणं झाली. लॉगआउटची वेळ वाढली. लॉगिनची वाकडी अक्षरं मात्र अजून आहेत, ते म्हणे वरून ठरतं.

एप्रिलच्या शेवटी प्रयोग म्हणून एक पुस्तक मिळालं, जुनं प्रवासवर्णन, लेखक १९५० च्या दशकात वारलेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे हे खुलं होतं आणि प्रयोगाला बरं, कारण फाइल बाहेरच्या कुठल्या सेवेत टाकली तरी हमीपत्र आड येत नाही. हक्क असलेलं पुस्तक मात्र चुकूनही बाहेरच्या वेबसाइटवर चढवू नका.

आता पद्धत. मी टूलमध्ये काम करायचं सोडूनच दिलं. पानाचा मजकूर नोटपॅडमध्ये घ्यायचा, तिथे दुरुस्त करायचा, परत चिकटवायचा. लॉगआउट झालं तरी काही जात नाही. एकाच पानाचे दोन ओसीआर करायचे, एक टेसरॅक्टने (फुकट आहे, आपल्या कॉम्प्युटरवर चालतं, मराठी येतं), दुसरा गूगल डॉक्समधून. मग दोन्ही मजकूर ताडून जिथे फरक तेवढंच दाखवणारा छोटा पायथन प्रोग्राम ऑफिसातल्या एकाने मला लिहून दिला, त्याला एक संध्याकाळ लागली, बदल्यात पुरणपोळ्या. दोन वेगवेगळी मशीनं सहसा एकाच जागी चुकत नाहीत, त्यामुळे जिथे दोघांचं पटत नाही तिथे शंका घ्यायची. एकाने गाळलेली ओळ दुसऱ्याकडे बहुतेक असतेच. पण पुसट छपाईत दोघंही अनुस्वार खातात, तेव्हा यावर सगळा भरवसा नको.

शेवटचा शब्द डोळ्याचाच. त्यासाठी जोडीदार मिळाला, जवळच्याच कॉलेजातला एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) मुलगा. एनएसएसला वर्षाला १२० तास भरायचे असतात आणि संस्थेने पत्र दिलं तर हे तास धरले जातात, पण ते पत्र कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला आधी दाखवून घ्या, नंतर मुलाचे तास अडकतात. आमचं पत्र दोनदा परत आलं, एकदा शिक्का नाही म्हणून, एकदा तारीख आधीची म्हणून. मुलगा मात्र सोन्यासारखा. सुरुवातीला तो मला पान वाचून दाखवायला लागला, म्हटलं अरे थांब, तसं केलं तर आपण दिवाळीपर्यंत पहिल्या प्रकरणात. त्याला फक्त एवढं करायला सांगितलं: प्रत्येक पानाच्या फोटोवर किती ओळी आहेत, पहिला शब्द कोणता, शेवटचा कोणता. व्हॉट्सअॅपवर पाठव. मिनिटभराचं काम, पण माझ्याकडे ओळी तशाच तोडून ठेवलेल्या असतात, आकडा जुळला नाही की ओळ गेली हे लगेच कळतं, आणि पहिल्या-शेवटच्या शब्दावरून पान गहाळ असेल तर तेही. एकदा स्कॅन करणाऱ्याने दोन पानं एकत्र उलटली होती ती अशीच सापडली. मग शंकांची यादी मी आठवड्यातून एकदा पाठवते आणि तो रविवारी सकाळी फोनवर धडाधड उत्तरं देतो. "ताई, पान ४१, ओळ सहा, घरच आहे, धर नाही."

ऱ्हस्व-दीर्घाचं उत्तर ब्रेल. मी ब्रेल उशिरा शिकले आणि आळसाने सोडून दिलं होतं. जूनमध्ये वीस सेलचा जुना ब्रेल डिस्प्ले (स्क्रीनवरचा मजकूर बोटाखाली ब्रेल ठिपक्यांत उठवणारं यंत्र, एका वेळी वीस खुणा) एकाकडून १८ हजारांना घेतला, या सगळ्यातला हाच मोठा खर्च, आणि सगळ्यांना तो परवडणार नाही याची मला कल्पना आहे. एनव्हीडीएच्या ब्रेल सेटिंगमध्ये मराठीचा तक्ता निवडायचा. भारती ब्रेलमध्ये ऱ्हस्व इ म्हणजे बिंदू २-४ आणि दीर्घ ई म्हणजे ३-५, म्हणजे आकार तोच, फक्त एक पायरी खाली. माझ्यासारख्या उशिरा शिकलेल्या बोटाला ते सुरुवातीला सारखंच लागायचं, पावसाळाभर रोज रात्री जेवणानंतर तासभर सराव केला तेव्हा कुठे फरक जाणवायला लागला. उ-ऊ आणि श-ष मात्र पहिल्या दिवसापासून स्पष्ट. आता मी पान एकदा कानाने करते आणि एकदा बोटाने. बोटाने फार हळू होतं.

एक गंमत जुन्या शुद्धलेखनाची. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये आले, त्याच्या आधीच्या पुस्तकांत "नाहीं", "कांहीं", "घरांत" असे न उच्चारले जाणारे अनुस्वार असतात आणि संस्थेचा नियम असा की छापलंय तसंच ठेवायचं. डोळस माणसाचा हात तिथे सुधारायला शिवशिवतो, किंवा अनुस्वार गळालेला त्याला दिसतच नाही. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीकचा आवाज मात्र प्रत्येक अनुस्वार इमानदारीत नाकातून काढतो, त्यामुळे एखाद्या "नाहीं"वरून तो गळाला की मला लगेच टोचतं. लोक या आवाजाला रोबो म्हणून नाकं मुरडतात, पण तपासायला तोच बरा. नवीन गोड आवाज चुकीचा शब्दसुद्धा इतक्या सफाईने म्हणतात की चूक निघूनच जाते.

फोटो देऊन एआयकडून पान वाचून घ्या असं बऱ्याच जणांनी सुचवलं. केलं. मजकूर सुंदर आला, एकही चूक ऐकू येईना, आणि तिथेच संशय आला. मुलाला विचारलं तर एआयने सगळे जुने अनुस्वार काढून टाकले होते आणि पान जिथे फाटलेलं होतं तिथे स्वतःच्या मनाने अर्धं वाक्य रचून घातलं होतं. आपल्याला ते ऐकून कधीच कळलं नसतं. आता एखादा अडलेला शब्द विचारण्यापुरताच वापरते आणि त्याचंही उत्तर रविवारच्या यादीत टाकते. ते फाटलेलं पान नंतर दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात दुसरी प्रत निघाली तेव्हा मुलाने तिथे बसून उतरवून आणलं.

सप्टेंबरमध्ये पुस्तक पुरं झालं, दुसऱ्या स्वयंसेविकेची फेरी ऑक्टोबरपर्यंत चालली. तिला माझ्या पानांत सापडलेल्या चुका बहुतेक संख्यांच्या होत्या, सात-साठ, सन आणि मैल, कारण "साठ मैल चाललो" काय आणि "सात मैल चाललो" काय, वाक्य दोन्ही बरोबर. त्यानंतर आम्ही नियम केला की पुस्तकातला प्रत्येक आकडा आणि गावाचं प्रत्येक नाव, शंका असो वा नसो, मुलाच्या यादीत जाईल.

संस्थेने आता हीच जोडीची पद्धत लेखी ठेवली आहे आणि अजून दोघी दृष्टिहीन स्वयंसेविका घेतल्यात. फॉर्म वर्डमध्ये मिळतो. हमीपत्राची नोटरी तेवढी तशीच आहे. तक्ते असलेली पुस्तकं आणि गणित मी घेत नाही, रकाने कुठे सुरू होतात कुठे संपतात ते ओसीआरलाच कळत नाही तर मला काय कळणार, ते त्यांनी मान्य केलंय.

सध्या दुसरं पुस्तक घेतलंय, जुन्या पाककृतींचं. हौसेने घेतलं आणि आता कपाळावर हात आहे, कारण अर्धा, पाव, पाऊण असे अपूर्णांक ओसीआर वाट्टेल तसे वाचतो आणि लाल तिखट अर्धी वाटी की दीड वाटी, माझ्या सासरच्या हिशोबाने दोन्ही खरं वाटतं. मुलाच्या परीक्षा संपल्या की रविवारी आधी सगळी मापं.